कॉलेजमध्ये स्टुडंट्सनीच चालवायची मेकरस्पेस काढायची आहे, पाच लाख मंजूर झालेत, आधी कुठलं मशीन घ्यावं? (ऐरोली)

पाच लाख मंजूर झाले, अभिनंदन. पण मेकरस्पेस म्हणजे शेवटी पोरांनी येऊन हाताने वस्तू बनवायची खोली, आणि अख्ख्या प्रश्नात त्या खोलीची किल्ली कोणाकडे राहणार आणि खोली किती वाजेपर्यंत उघडी असणार ह्याबद्दल एक अक्षर नाही. थ्रीडी प्रिंटर का लेझर कटर ते शेवटी सांगतो, आधी किल्लीचं बघू, कारण आमची खोली किल्लीनेच मेली.

मी ठाण्याचा, कॉलेज नवी मुंबईतलं (नाव घेत नाही), रोज ट्रान्स-हार्बरने ये-जा. आता रबाळे एमआयडीसीत जिग-फिक्श्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवायची साधनं) बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. आमच्या वेळी वर्कशॉपमागची अडगळीची खोली आम्ही पोरांनीच रिकामी केली, भंगारात निघालेली ड्रॉइंगची टेबलं उचलून आणली, लॅमिंग्टन रोडवरून सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, वायरी आणल्या आणि एका माजी विद्यार्थ्याने त्याचा जुना एंडर थ्री हा थ्रीडी प्रिंटर दिला. बस, सुरू. कोणीही या, काहीही बनवा. एफईची (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची) पोरं यायची, ज्यांची ग्राफिक्सची केटी (राहिलेला पेपर) सुटलेली नसायची ती पण यायची, आणि मल्टिमीटरचा फ्यूज सारखा उडायचा कारण करंट मोजून झाला की लाल प्रोब दहा अँपिअरच्या भोकात तसाच ठेवून पुढचा माणूस त्याने बॅटरीचं व्होल्टेज मोजायला जायचा. मला त्याचा कधी राग आला नाही, फ्यूज बदलायला सगळ्यांना तिथेच तर शिकवलं.

तर झालं असं, कँटीनच्या मावशींच्या मिक्सरचा कपलर गेला. मोटरच्या शाफ्टवर बसतो ना दातेवाला, तोच. एसईची (दुसऱ्या वर्षाची) एक मुलगी तो झिजलेला कपलर घेऊन आली, व्हर्नियरने एकेक दात मोजत बसली, कॅडमध्ये मॉडेल केलं, पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये प्रिंट काढला. पहिल्याच दिवशी चटणी वाटताना दाते गोल झाले, कारण पीएलए साधारण साठ डिग्रीला मऊ पडायला लागतं आणि जाम झालेला कपलर गरम होतोच. मग तिने पीईटीजी ह्या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये काढला, तोही एका दातातून तडकला, मग तिच्या लक्षात आलं की आपण नुसता इनफिल (आतला भराव) वाढवतोय, खरी ताकद बाहेरच्या भिंतींत असते, आणि लेयर कुठल्या दिशेने बसतात त्यावर दात टिकतो की थरातून सुटतो ते ठरतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या सिलॅबसमध्ये ही गोष्ट कुठेच नव्हती, अजूनही असेल असं वाटत नाही.

आणि ह्यावरूनच भांडण. आमच्या ग्रुपचा अध्यक्ष (हो, तोपर्यंत अध्यक्ष, सेक्रेटरी, पीआर हेड सगळं तयार झालं होतं, मशीन एक आणि पदं नऊ) म्हणाला, कपलर बाहेर पन्नास रुपयांत मिळतो, आपण काय रिपेअरिंगचं दुकान काढलंय का, आपली टीम कॉम्पिटिशनसाठी गाडी बनवतेय, प्रिंटर तिच्यासाठी लागतो. अरे बाबा, कपलर स्वस्तात मिळतो हे मावशींना पण माहीत होतं! पण त्याने सरांना पटवलं. नियम आला: टीम मेंबरनाच प्रवेश, बाकीच्यांनी दोन दिवस आधी अर्ज, त्यावर एचओडींची सही, किल्ली लॅब असिस्टंटकडे, आणि ते साडेचारला निघणार. लेक्चर्स पण तेव्हाच सुटणार. म्हणजे कोणी यायचंच नाही, असं सरळ का नाही लिहिलं?

ती मुलगी परत आली नाही, तिच्यामुळे येणारी दोन-चार टाळकी पण गेली. गाडीला ट्रॉफी मिळाली, नाही म्हणत नाही, फोटो अजून लिंक्डइनवर आहे. टीमचं बीई (शेवटचं वर्ष) झालं आणि पुढच्या बॅचला प्रिंटरचा नोझल साफ कसा करायचा हे सांगायला कोणी उरलंच नाही. पावसाळ्यात खाडीची दमट हवा, प्रिंटरच्या प्लास्टिक तारेचा स्पूल उघडाच पडलेला, ती तार, म्हणजे फिलामेंट, खडूसारखं कटाकट मोडायचं. कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची कमिटी आली त्या दिवशी मात्र प्रिंटर पुसून, टेबलावर चादर घालून, मागे बॅनर लावून दाखवला. चालू कोणी केला नाही, बरं झालं.

आपल्याकडे हे कल्चर नाही म्हणणाऱ्यांना मी पाबळ दाखवतो. पुणे जिल्ह्यातलं गाव, तिथे डॉ. कलबाग ह्यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, हाताने काम करत शिकायचं, गावाला लागेल तेच बनवायचं. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब (डिजिटल मशीनवर वस्तू बनवायची लॅब) आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. म्हणजे मिक्सरच्या कपलरला नाक मुरडणाऱ्यांनी आधी तिथे जाऊन यावं. आणि एवढं लांब नको तर ऐरोलीहून पवई कितीशी? आयआयटी बॉम्बेची टिंकरर्स लॅब विद्यार्थीच चालवतात, रात्री पण उघडी असते. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये इन्व्हेन्शन स्टुडिओ आहे, तिथे विद्यार्थी आठवड्याला ठरलेले तास ड्युटी देतात आणि बदल्यात त्यांना बाकीच्या वेळीही मशीन वापरायची मुभा मिळते. हीच युक्ती उचला. पद देऊ नका, ड्युटी द्या, आणि ड्युटीवाल्याच्या हातात किल्ली द्या. एसईच्या पोरांना आत्तापासून घ्या, बीईवाल्यांच्या भरवशावर राहिलात तर ब्लॅक बुक (प्रोजेक्ट रिपोर्ट) सबमिट झाल्यावर खोली रिकामी.

हां, मशीन. दोन साधे प्रिंटर, एक बंद पडला तरी दुसरा चालतो, एक महागडा घेऊ नका. स्पूल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून. चांगली सोल्डरिंग स्टेशन्स, चांगला बेंच व्हाइस, दोन-तीन मल्टिमीटर आणि फ्यूजचं अख्खं पाकीट. सगळे पैसे पहिल्या वर्षी उडवू नका, मॅनेजमेंट मार्चच्या आत खर्च करा म्हणेल तरी थोडे कन्झ्युमेबल्सच्या नावावर बाजूला काढा. लेझर दुसऱ्या वर्षी, तोही एक्झॉस्ट बाहेर काढायला खिडकी असेल तरच. त्यात पीव्हीसी कधीही नाही, म्हणजे रेक्झिन पण नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, छातीला वाईट आणि मशीनच्या रेल्सनाही गंज. चालू लेझर सोडून चहाला जायचं नाही, ॲक्रिलिक पेट घेतं. म्हणून लेझरला वेगळं कुलूप ठेवा आणि ट्रेनिंग झालेल्यांनाच द्या. आमचा अध्यक्ष हे वाचत असेल तर म्हणेल, बघ, मी तेच म्हणत होतो. नाही रे. तू अख्ख्या खोलीला लावलं होतंस.