दोन पक्ष्यांच्या जाती एकत्र केल्या म्हणजे आधीचे शास्त्रज्ञ चुकले होते का? माझ्या यादीतली एक जात कमी झाली, त्या नोंदीचं काय करू?

चुकले वगैरे काही नाही हो. तेव्हा हातात मेलेल्या पक्ष्याचं कातडं असायचं, रंग बघून नाव द्यायचे. आता जनुकं तपासतात, दोघांचे प्रदेश भिडतात त्या हद्दीवर संकर किती होतो ते बघतात. 2024 मध्ये रेडपोल या उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या छोट्या पक्ष्याच्या तीन जातींची एक झाली ती त्यातूनच.

पण मला बोलायचंय धोबी पक्ष्याबद्दल. कर्नल सायक्सनी 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात एका धोब्याला स्वतंत्र जात म्हणून 'दुखुनेन्सिस' नाव दिलं, म्हणजे आपल्या दख्खनचा! आज तो पांढऱ्या धोब्याची उपजात. काळ्या तोंडाचा (गाल-गळा काळा, कपाळ आणि डोळ्याभोवती मात्र पांढरं) 'पर्सोनाटा' पण आधी वेगळी जात होता, तोही त्यातच गेला.

मी विशीत असताना बेळगावहून आम्ही चौघं हिवाळ्यात धूपदाळच्या बंधाऱ्यावर गेलो होतो. वहीत मी पांढऱ्या तोंडाचे 14, काळ्या तोंडाचे 2 असं वेगवेगळं लिहिलं, तर आमच्यातले एक ज्येष्ठ काका वही बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "काय लिहूलालास गा हे, एकच जात आहे ती, 16 लिही." मी खोडलं. नंतर दहा वर्षं सगळे धोबी एकातच मोजत गेलो, आणि आता काळ्या तोंडाचे आपल्याकडं कुठल्या हिवाळ्यात आले, किती आले हे बघायला गेलं तर माझ्याच वह्यांत काही नाही. नाव एक झालं म्हणून पक्षी सारखे दिसायला लागतात काय?

तेव्हा नोंद अजिबात काढू नका. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, एकत्र केलेल्या जाती बऱ्याचदा उपजातीचा गट म्हणून राहतात, आकडा तेवढा एकानं उतरतो. उतरू दे. त्याच 2024 मध्ये गव्हाणी घुबडाच्या तीन जाती केल्या, आपल्याकडचं पूर्वेचं झालं, म्हणजे कोण कधी परत वेगळं होईल सांगता येत नाही, आणि त्या दिवशी ज्यानं वेगळं लिहून ठेवलंय त्याचीच वही कामाला येते.

हां, एक राहिलं. पिल्लू असेल किंवा अर्धवट पिसं बदललेला असेल तर नुसतं 'पांढरा धोबी' लिहा, अंदाजानं उपजात ठोकू नका. एवढं काकांचं मला तेव्हाही मान्य होतं. पण ते दोन समोर दगडावर बसले होते, गाल काळे कुळकुळीत, दुर्बिणीतून चौघांनीही बघितलेले. काका अजून धूपदाळला येतात, गेल्या खेपेला त्यांच्यासमोरच त्या जुन्या पानावर परत लिहिलं, 14 आणि 2.