फोटोखालची ओळ आधी वाच

मुंबई

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

विमानांवरच्या दोन्ही पुस्तकांची पानं मोबाइलवर पाठवलीस आणि विचारलंस, कुठलं घेऊ? एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत चित्रं. दुसरं बारकं, काळंपांढरं. साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार म्हणून तू अडली आहेस, हे कळतं मला. बारकं घे.

विमानांचं संदर्भपुस्तक हातात आलं की आधी फोटोखालची ओळ वाचायची. कुठलं विमान, त्याच्या अंगावरचा क्रमांक काय, कुठल्या स्क्वाड्रनचं, म्हणजे हवाई दलाच्या कुठल्या तुकडीचं, कुठे आणि कधी टिपलं, फोटो कोणाच्या संग्रहातला. जाडजूड पुस्तकात काय लिहिलंय? ‘उड्डाणात स्पिटफायर.’ स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. अगं, ते मलाही दिसतंय!

त्यातलंच ब्रह्मदेश आघाडीचं, १९४४ सालचं म्हणून दिलेलं रंगीत चित्र बघ. पंखावरच्या गोलात, म्हणजे विमान कुणाचं ते सांगणाऱ्या खुणेत, मधोमध लाल ठिपका. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. आपल्याच माणसांनी चुकून आपलं विमान पाडू नये म्हणून या आघाडीवरच्या गोलांतून लाल रंग काढून टाकला होता; बाहेर गडद निळा आणि आत फिकट निळा किंवा पांढरा, एवढंच उरलं होतं. शिवाय खाली लिहिलंय मार्क ८, म्हणजे स्पिटफायरची आठवी आवृत्ती, आणि नाकावरच्या पंख्याला पाती पाच! पाच पाती ग्रिफन इंजिनाच्या मार्क १४ला. मर्लिन इंजिनाच्या मार्क ८ला चारच.

चित्रकाराचीही अडचण असते. त्याच्यापुढे काळापांढरा फोटो. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे, तो काळा उमटे. पिवळाही गडद येई, निळा उलट फिका पडे. करड्या छटांवरून रंग ठरवणं म्हणजे अंदाजच. करा की अंदाज, पण तसं लिहा! बारक्या पुस्तकात एका फोटोखाली आहे बघ, ‘शेपटीवरच्या पट्ट्याचा रंग अनिश्चित’. त्या एका ओळीसाठी मी ते पुस्तक विकत घेईन.

जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांनी बंगळुरूत घडवलेलं मरुत हे आपलं लढाऊ जेट विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं, एकूण १४७ बनली, हे कुठेही मिळेल. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातलं मरुत त्यांतलं नेमकं कितवं, कुठल्या स्क्वाड्रनकडे होतं, अंगावरचा रंग मूळचा की नंतर चढवलेला, हे सांगतं ते संदर्भपुस्तक. बाकीची चित्रांची पुस्तकं. हौसेने घ्यावीत, पण त्यांच्या भरवशावर मॉडेल रंगवायला बसू नये.

मला हट्टी म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. एका प्रकाशकाने माझ्या पुस्तकाच्या बाडातल्या सगळ्या फोटोओळी कापायला सांगितल्या. वाचकाला क्रमांकांशी काय करायचंय, म्हणाले. मी बाड उचलून घरी आणलं. ते अजून कपाटात आहे. ज्यांनी विश्वासाने आपले फोटो दिले, त्यांतले बरेच गेले, छापलेलं पान त्यांना दाखवायचं राहिलं, याची खंत जात नाही. पण ओळी कापल्या असत्या तर त्यांची नावंच गेली असती. मग छापायचं कोणासाठी? परत कोणी विचारलं तर परत उचलून आणीन.

आणि तुझे आजोबा हवाई दलात फिटर होते ना? त्यांच्या अल्बममध्ये एकाही फोटोखाली काही लिहिलेलं नाही, असं तू मागे सहज बोलून गेलीस. सहज! पुस्तक पुढच्या महिन्यात घेतलंस तरी चालेल, या रविवारी त्यांच्याजवळ बस. कोण उभं आहे, कुठला तळ, कुठलं साल, विमानाचा क्रमांक आठवतो का, सगळं विचार. नाही आठवलं तर ‘आठवत नाही’ असंच लिही, आपल्या मनाचं घालू नकोस. मऊ पेन्सिलीने लिही, फोटोच्या मागे, अगदी कडेला, दाब न देता. बॉलपेन वापरलंस तर वळ पुढच्या बाजूला उठतात.

तुझा,
काका