साहेबांकडे बढतीचा विषय काढावा का? श्टुटगार्टहून उत्तर

तुम्ही विचारलंय, "चाकणची नोकरी सोडून श्टुटगार्टला येतोय. स्वतःहून जबाबदारी मागितली, बढतीचा विषय काढला तर तिथल्या साहेबांना आवडतं, की आगाऊपणा वाटतो?"

आवडतं. फक्त आपली धडपड त्यांना धडपड वाटत नाही, हे कळायला माझी दोन वर्षं गेली.

आल्या आल्या मी चाकणचाच खाक्या चालवला. साहेब उठेपर्यंत जागा सोडायची नाही, कुठलंही काम आलं की हात वर. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी बाजूला घेऊन काळजीने विचारलं, काम झेपत नाहीये का? इथल्या जर्मन कायद्यात दिवसाला 10 तासांची मर्यादा आहे. मी उशिरा बसलो की खुलासा त्यांना द्यावा लागायचा. शेजारच्या टेबलावरचं अडलेलं काम मी न विचारता निस्तरलं, तर तो सहकारी आठवडाभर धड बोलला नाही.

वर्षातून एकदा साहेबांबरोबर ठरवून बैठक होते, 'मिटआरबायटरगेश्प्रेख'. पहिल्या वर्षी मी भिडस्तासारखा गप्प बसलो. त्यांनी 'समाधानी आहे' असं नोंदवलं आणि विषय संपला! दुसऱ्या वर्षी मी करत असलेली कामं कागदावर मांडून नेली, त्यातली वरच्या पगार-गटातली कोणती तेही लिहून. तेव्हा मात्र साहेबांनी पेन काढलं. इथे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात धातू आणि विद्युत उद्योगाच्या वेतन करारात, म्हणजे कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांच्यातल्या करारात, पगाराचे 17 गट आहेत, आणि गट ठरतो तो कामावरून. "मी खूप राबतो" याला साहेब नुसती मान डोलावतात. "अमुक काम आता माझ्याकडे आहे" म्हटलं की त्यांना पुढे काहीतरी करता येतं. तेही एकट्याने नाही. कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ असतं, बेट्रीब्सराट. गट बदलायला त्याची संमती लागते. त्यामुळे साहेब "बघतो" म्हणाले तर ते आपल्याकडचं "बघतो" समजू नका. माझं चार महिन्यांनी झालं.

एक फजिती सांगतो. कामाची पावती हाताशी असावी म्हणून मी 'त्स्विशनत्सॉयग्निस', म्हणजे नोकरीत असतानाच मिळणारं प्रशस्तिपत्र, मागितलं. साहेबांचा चेहराच उतरला: "सोडून चाललात?" इथे ते मागणं म्हणजे बाहेर नोकरी शोधणं, असाच अर्थ घेतात. साहेब बदलत असतील तेव्हा बिनधास्त मागा, कुणाला वावगं वाटत नाही.

पहिले सहा महिने, प्रोबेशनमध्ये, बढतीचं नावही नको. तेवढ्यात जर्मन सुधारा. आमच्याकडे बैठक इंग्रजीत सुरू होते, पण खरे निर्णय कॉफीच्या मशीनपाशी जर्मनमध्ये होतात.

सही करण्याआधी मात्र एक गोष्ट विचारून घ्या: कंपनीला वेतन करार लागू आहे का, आणि तुम्हाला कुठल्या गटात घेताहेत. हे विचारल्याचा इथे कुणालाच राग येत नाही. मी विचारलं नव्हतं, आणि एक गट खाली लागलो.