'सिली पॉइंट'मधला 'सिली' कुठून आला?

प्रश्न असा आहे: 'सिली' म्हणजे मूर्ख, मग क्रिकेटमध्ये बॅट्समनच्या पुढ्यात छाती काढून उभं राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या जागेला 'सिली पॉइंट' का म्हणतात? तिथे शब्दाचा अर्थ वेगळा आहे का?

नाही, अर्थ तोच. इतक्या जवळ उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा, म्हणून 'सिली'. सिली मिड-ऑन, सिली मिड-ऑफ ही नावंही त्यातलीच. खरं तर 'फॉरवर्ड शॉर्ट लेग' या तितक्याच जवळच्या जागेलाही हे विशेषण शोभलं असतं. आपले एकनाथ सोलकर तिथे हेल्मेटशिवाय उभे राहायचे आणि २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले! असो.

मजा आहे ती शब्दाच्या पूर्वायुष्यात. जुन्या इंग्रजीत तो 'गेसेलिग' असा होता आणि अर्थ होता सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. त्याचा जर्मन भाऊ 'झेलिग' अजून त्याच मानाने नांदतो आहे. जुन्या वळणाच्या जर्मन बोलण्यात तर तो आपल्या 'कैलासवासी'सारखा दिवंगतांच्या नावालाही जोडतात.

इंग्लंडात मात्र शब्द पायरी पायरीने घसरला. देवाचा लाडका तो निष्पाप, निष्पाप तो निरुपद्रवी, निरुपद्रवी तो बापडा, आणि बापड्याला अक्कल कमीच असणार! सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'मूर्ख' हा अर्थ दिसू लागतो, पण जुना लगेच गेला नाही. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री'च्या तिसऱ्या भागात मेंढपाळ आपल्या 'सिली शीप'वर नजर ठेवून बसतात. तिथे 'मूर्ख मेंढ्या' असं भाषांतर केलंत तर फसलात. ती गरीब बिचारी मेंढरं आहेत, आपण 'गरीब गाय' म्हणतो तशी.

आपल्याकडेही भोळा आणि खुळा यांच्यात फार अंतर नाही. 'देवमाणूस आहे हो' हे वाक्य कौतुकाने म्हटलंय की कीव करून, ते म्हणणाऱ्याचा चेहरा पाहिल्याशिवाय कळत नाही. संस्कृतातलं उदाहरण तर याहून कडक आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'देवानांप्रिय', म्हणजे देवांचा लाडका, ही खुद्द राजाची पदवी. पुढे भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धांतकौमुदी' या संस्कृत व्याकरणग्रंथात त्याच शब्दाचा अर्थ सरळ 'मूर्ख' असा दिला आहे.