वाचकांचे प्रश्न : एअरब्रशचा रंग आणि आपली हवा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहतो. मिग-२१ विमानाचे १/७२ प्रमाणाचे प्लास्टिक किट जोडले असून त्याला जुन्या काळातील उघड्या धातूची रुपेरी झळाळी द्यायची आहे. त्यासाठी आधी चकचकीत काळ्या लॅकरचा (झटपट वाळणाऱ्या, थिनरवर आधारलेल्या रंगाचा) थर एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पिचकारीने, दिला. पण जुलैमध्ये दिलेला हा थर वाळता वाळता पांढुरका झाला आणि पंखांवर मधूनच पाण्याचे थेंब उडाल्यासारखे वण उठले. दोष रंगाचा आहे की कॉम्प्रेसरचा?

उत्तर : बहुधा दोन्हींचा नाही. दोष हवेतील बाष्पाचा आहे आणि ते आपल्या कामात दोन वेगळ्या वाटांनी शिरले आहे, म्हणून उपायही वेगवेगळे करावे लागतील.

थर पांढुरका होतो तो असा. थिनर उडून जाताना पृष्ठभागातील उष्णता सोबत नेतो, त्यामुळे ताजा थर भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की एवढ्याशा थंडाव्यानेही त्या थरावर दव धरते, आणि ओल्या लॅकरमध्ये अडकलेले पाण्याचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. करड्या प्रायमरवर (रंगाखालच्या पहिल्या थरावर) हे फारसे जाणवत नाही, काळ्यावर मात्र लगेच उघड होते. थिनर जितका झपाट्याने उडणारा, तितका हा दोष मोठा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर सामान्यतः असाच असतो, शिवाय किटच्या उघड्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकवर ओलसर बसला तर तो तेही खातो. हात धुण्यासाठी नव्हे, रंगाची भांडी व ब्रश धुण्यापुरताच तो ठेवावा आणि रंगात मॉडेलसाठीचा, संथपणे उडणारा लेव्हलिंग थिनर वापरावा.

झालेला थर खरवडून काढण्याची घाई करू नये. कोरडा दिवस पाहून त्यावर निव्वळ लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा दिल्यास वरचा थर पुन्हा सैल होतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि अनेकदा काळेपणा परत येतो. यापुढे आर्द्रतामापक खोलीतच ठेवावा. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर असेल, तर चकचकीत लॅकर आणि वार्निश यांना हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. ते दिवस सांधे घासण्यात, फटी भरण्यात आणि कॉकपिट कुंचल्याने रंगवण्यात सत्कारणी लागतात. थर लवकर वाळावा म्हणून केस वाळवण्याचे यंत्र जवळून धरू नये, पातळ पंख वाकतात.

आता थेंबांविषयी. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि पुढे टाकीत व नळीत ती निवते तेव्हा तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. कॉम्प्रेसरला चिकटूनच बसवलेला मॉइश्चर ट्रॅप (हवेतील पाणी अडवणारी गाळणी) गरम हवेतले हे बाष्प पकडू शकत नाही, म्हणून मध्ये लांब नळी ठेवावी आणि एअरब्रशच्या मुठीपाशी आणखी एक लहान ट्रॅप लावावा. टाकीच्या तळाची तोटी प्रत्येक बैठकीनंतर उघडून साचलेले पाणी काढून टाकावे. थेंबांचे वण मात्र थिनरने जात नाहीत; थर पूर्ण वाळल्यावर बारीक सॅंडपेपरने, ओला करून, घासावेत आणि तेवढ्या भागावर पुन्हा काळा द्यावा.

रुपेरी रंग देण्याआधी काळा थर निदान एक पूर्ण दिवस, पावसाळ्यात त्याहूनही अधिक, वाळू द्यावा. मग १२ ते १५ पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंड) दाबाने अतिशय पातळ थर चढवावेत. भारतीय हवाई दलात १९६३ साली दाखल झालेले आणि २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झालेले हे विमान त्या रुपेरी रूपात फार देखणे दिसते, तेव्हा थांबण्याचे श्रम वाया जाणार नाहीत.

प्रश्न : अथणीकडे एप्रिल-मे महिन्यांत ॲक्रिलिक रंग वाळूसारखा खरखरीत बसतो आणि नोझल सारखे तुंबते. काय करावे?

उत्तर : येथे उलट घडते, रंगाचे कण वाटेतच वाळून धुळीसारखे पडतात. एअरब्रश पाच ते आठ सेंटिमीटरपर्यंत जवळ आणावा, दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवावा, रंगात रिटार्डरचे (वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे) मोजके थेंब घालावेत आणि काम सकाळी लवकर उरकावे. सुईच्या टोकावर वाळलेला रंग थिनरात भिजवलेल्या मऊ कुंचल्याने अधूनमधून पुसावा. टामिया कंपनीचे ॲक्रिलिक अल्कोहोलवर आधारलेल्या थिनरात छान मिसळते, व्हॅलेहो कंपनीच्या पाण्यावर आधारलेल्या रंगात मात्र अल्कोहोल घातल्यास तो फाटून गुठळ्या होतात, म्हणून त्याला त्याच कंपनीचा थिनर द्यावा.

प्रश्न : निपाणीत आमची खोली लहान आहे. तोंडाला रुमाल बांधून फवारणी केली तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. रुमाल किंवा साधा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज आणि कणांसाठीची गाळणी असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा रेस्पिरेटरच हवा. पाण्यावर आधारलेल्या रंगाचे तुषारही फुप्फुसात जातात, तेव्हा त्या वेळीही तो उतरवू नये. हवा खिडकीबाहेर टाकणारा पंखा लावावा, आणि लॅकर फवारताना त्याच खोलीत समई, उदबत्ती किंवा गॅसची शेगडी पेटलेली नसावी. काम झाल्यावर कार्ट्रिज हवाबंद पिशवीत ठेवावीत, कारण उघड्यावर ती नुसत्या हवेनेही निकामी होत जातात. मास्क नीट बसलेला असूनही आत थिनरचा वास येऊ लागला, तर काम तेथेच थांबवून ती बदलावीत.