पावसात चढावर एसयूव्हीची मागची चाकं जागच्या जागी फिरतात. चाकाचा सेन्सर बदलावा की फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांवर चालणारी, घ्यायला हवी होती?

सेन्सरला हात लावू नका. तुम्हीच लिहिलंय की गाडी सात सीटर, मागच्या चाकांवर चालणारी, सहा वर्षं जुनी, आणि चाकं फिरायला लागली की घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकतो. अहो, चाक फिरतंय हे सेन्सरला कळतंय म्हणून तर तो लुकलुकतोय! दिवा सतत पेटून राहिला, जोडीला एबीएसचाही (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचाही) लागला, तर स्कॅनर लावायचा. तेव्हाही आधी चाकाजवळचा चिखल आणि तुटकी वायर बघायची, मग पैसे काढायचे.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या फोर बाय फोरच्या वाक्यामुळे. ते वाक्य मी गेली काही वर्षं आमच्या भाऊजींकडून ऐकतोय.

2022 ची हरतालिका. पुण्याहून गावी निघालो होतो, आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे आमचं घर. गाडीत आई, बायको, मुलगा, ताई, भाऊजी. कराडजवळ पंपावर भाऊजी उतरले आणि माझ्या आधी हवावाल्याला म्हणाले, "चाळीस भर, मायलेज मिळतं." दाराच्या खांबावरचा कंपनीचा स्टिकर 33 पीएसआय म्हणतो, पण घरच्या जावयाशी पंपावर कोण वाद घालणार? आंबा घाटात एका ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग हलकेच बाहेर गेला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याला नावं ठेवली.

संध्याकाळी गणपतीच्या शाळेतून मूर्ती घेतली, आईच्या मांडीवर पाट. घरापुढे सिमेंटची खडी चढण आहे, वर शेवाळ. निम्म्यात मागची चाकं फिरायला लागली, दिवा लुकलुकला, इंजिनाचा दम गेला आणि गाडी हळूहळू मागे दगडी गडग्याकडे सरकू लागली. हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले. भाऊजींनी तिसऱ्या रांगेतल्या ताईला आणि मुलाला खाली उतरवलं, "वजन कमी करा!" मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलवर बसलेली माणसंच चाकं जमिनीला दाबून धरतात, हे तेव्हा त्यांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "मी सांगितलं होतं, फोर बाय फोर घे." अख्खी वाडी उभी होती. शेवटी काकांनी डोक्यावर टॉवेल ठेवला, पाट घेतला आणि बाप्पा पायीच वर गेले. गाडी रात्रभर खाली.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर मी टायरपाशी बसलो. पुढचे दोन नवेकोरे. मागचे? टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचले: 2316. म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा, गाडीबरोबर आलेले. नक्षी अजून चार मिलीमीटर होती, कायद्याच्या 1.6 च्या कितीतरी वर, म्हणून मी निर्धास्त होतो. पण पुढच्या टायरचं रबर नखाने दबत होतं आणि मागचं प्लास्टिकसारखं टणक. त्यात चाळीसची हवा, म्हणजे टेकायला जागाही कमी. टायरवाल्याने "इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, नवे पुढेच टाका" म्हणून लावून दिले होते आणि मी मान डोलावली होती. दोनच नवे घेत असाल तर मागे टाका. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असली तरी मागेच, कारण पुढचं घसरलं तर निदान तुम्हाला स्टेअरिंगमध्ये कळतं, मागचं घसरलं की गाडीच फिरते.

जॅक, पाना, दीड तास. पुढचे मागे, मागचे पुढे, हवा 33. आणि पाऊस पडत असताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, जेमतेम अ‍ॅक्सलरेटरवर, त्याच चढणीने वर अंगणात! भाऊजी पडवीत चहा पीत होते. काही बोलले नाहीत.

फोर बाय फोरला माझा विरोध नाही. रोज चिखलातून काजूच्या बागेत जायचं असेल तर जरूर घ्या. पण टणक टायरची चारही चाकं फिरवण्यासाठी काही लाख जास्त का मोजायचे? आणि उतारावर ब्रेक दाबल्यावर ती एक फूटही लवकर थांबत नाही, ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतात. हे मी ताईच्या घरी जेवणाच्या ताटावर दोनदा सांगितलंय.

तुमचं नक्की टायरच आहेत असं मी इथून छातीठोक सांगू शकत नाही. हवा मात्र गाडी थंड असताना मोजा, प्रवासानंतर काटा तीन-चार जास्तच दाखवतो. चिखलात रुतलात तर ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करून बघा, नाहीतर ते इंजिनाचा जोरच काढून घेतं. डांबरावर आलात की पुन्हा चालू. मी गावाहून परतल्यावर जुने दोन्ही टायर काढून टाकले, तेव्हापासून घाटात गाडी हललेली नाही.

आणखी एक. आरतीला येणारी माणसं घसरू नयेत म्हणून गाडी वर चढली त्याच दिवशी सकाळी चुलतभावाने चढणीवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने शेवाळ घासून काढलं होतं. सगळं नव्हे, पण बरंचसं. भाऊजींना हे माहीत नाही. तुम्ही आधी तुमच्या मागच्या टायरवरचे ते चार आकडे वाचून मला कळवा.