सातवा, पाचवा, चौथा... मग आता पहिला?

महालक्ष्मी रेसकोर्सवर नवखा माणूस हमखास फसतो ती हीच जागा. घोडा लागोपाठ सातवा, पाचवा, चौथा आला की वाटतं, आता याचीच पाळी. थांब. नंबर बघू नकोस, जिंकणाऱ्यापासून किती लेंथ, म्हणजे घोड्याच्या किती लांब्या, मागे होता ते बघ. आठ लेंथवरून सातवर आला आणि रेसमध्ये घोडेच कमी होते, तर ती सुधारणा नव्हेच.

मग वजन. हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादलेली रेस. तिथे रेटिंगच्या, म्हणजे घोड्याला दिलेल्या गुणांच्या, एका पॉइंटला अर्धा किलो. हरत गेलेल्या घोड्याचं रेटिंग उतरतं, पाठीवरचं ओझं हलकं होतं. घोडा सुधारला की नुसतं वजन उतरलं, हे आधी ठरव. माझा खरा विश्वास बसतो तो तेवढंच वजन घेऊन, तेवढ्याच अंतरावर, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जागा काढत येणाऱ्या घोड्यावर. व्हिडिओ दोनदा तरी बघ. जॉकीने चाबूक न उचलता तो आला असेल, तर वहीत नाव लिहून ठेव. असे फार थोडे सापडतात.

पुण्यातला पावसाळी फॉर्म मुंबईच्या कोरड्या ट्रॅकवर जसाच्या तसा धरू नकोस.

रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकमध्ये जाच. चाल मोकळी, कातडीवर तुकतुकी असेल तर बरं. मागच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस दिसला, तर मी पैसे खिशातच ठेवतो.

राहिला भाव. पाचास एक म्हणजे एका रुपयाला पाच रुपये नफा; सहातून एकदा जिंकला तर जेमतेम बरोबरी, तीही कर धरला नाही तर. तुझ्या अंदाजाने तो दहातून एकदाच जिंकणार असेल, तर घोडा कितीही आवडो, सोडून दे.